कन्हेरीचे चार मैल

माझी धाकटी बहीण दर गुरुवारी माझ्या घरी यायची. बारामतीचा बाजार गुरुवारचा. कन्हेरीहून डोक्यावर माळव्याची पाटी घेऊन ती पहाटेच निघायची, बाजारात बसायची आणि दुपार कलली की रिकामी पाटी काखेत मारून आमच्या दारात हजर व्हायची. उंबऱ्यावर बसून आधी तांब्याभर पाणी एका दमात प्यायची. मग माझ्यासाठी राखून ठेवलेलं काहीतरी पदरातून काढायची. कधी चार कोवळी वांगी, कधी दोन पेरू, कधी मेथीची जुडी. चौदा वर्षं ती अशी येत होती. त्या चौदा वर्षांत मी तिच्याकडे चालत एकदाही गेले नाही.

आमचं माहेर भिगवणजवळ, भीमेच्या काठी. आईवडिलांना आम्ही दोघीच. मी थोरली, म्हणून तिची अक्का. मला बारामतीच्या मराठी शाळेतले मास्तर मिळाले आणि तिला कन्हेरीचा शेतकरी. तिच्या रानाला कालव्याचं पाणी होतं, त्यामुळे माळवं बारा महिने असायचं आणि कामही बारा महिने. माझ्याकडे काम थोडं आणि मान जास्त. मास्तरांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं, आणि एका मुलानंतर दुसरं मूलही झालं नाही. तो मुलगा पुढे पुण्याला नोकरीला लागला. घरात आम्ही दोघंच राहिलो.

पस्तिशीत मला हिवतापानं धरलं. कालव्याकाठच्या गावांत तो तेव्हा घरोघर असायचा. कोयनेलच्या गोळ्यांनी ताप गेला, पण पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली, अंगात रक्त म्हणून राहिलं नाही. वैद्य मास्तरांना म्हणाले, यांना दगदग अजिबात होऊ देऊ नका. मास्तर शब्दाला पक्के. त्यांनी पाण्याला बाई लावली, धुणं बाहेर दिलं, दळण बंद केलं. दोन वर्षांनी ते वैद्य वारले, पण त्यांचा हुकूम काही कोणी मागे घेतला नाही. मी बसून राहिले. बसून बसून अंग फुगत गेलं, गुडघे धरले. पाटावरून उठताना भिंतीला हात लावावा लागे. देवळापर्यंत जायचं तरी कोणीतरी बरोबर लागायचं, आणि ते कोणीतरी मिळेपर्यंत माझी जायची इच्छा मरून जायची. मी आजारी आहे हे मला इतकं सवयीचं झालं होतं की आजार कुठला, हे कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बहीण आली की माझे पाय मांडीवर घेऊन चेपायची. चार मैल चालून आलेली ती, आणि पाय चेपून घेणारी मी. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकदा मी तिला विचारलं, एवढं चालून दमत नाहीस का गं? ती हसली. "पाय चालत्यात अक्का. आपण नुसतं त्यांच्या संगं जायाचं."

साल नक्की सांगता येणार नाही, पण तीस सालानंतरचं दुसरं किंवा तिसरं असावं. भाद्रपद होता. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि तिसऱ्या दिवशी, बुधवारी, उघडीप होती. मास्तर शाळांच्या तपासणीसाठी इंदापूरला गेले होते. सकाळी दहाच्या सुमाराला कन्हेरीचा एक माणूस दारात येऊन उभा राहिला. बहिणीच्या शेजारच्या रानातला. बहिणीला चार दिवस ताप होता, तो काल डोक्यात गेलाय, म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "अक्काला बोलवा म्हणत्यात सारख्या."

मी त्याला टांगेवाल्याकडे पाठवलं. टांगेवाला म्हणाला, मोठ्या रस्त्यापर्यंत येईन, पुढे काळ्या रानात चाक रुतेल, घोडं घालणार नाही. बैलगाडी होती त्या घरचे बैल रानात गेले होते, उद्या उजाडताच जुंपू म्हणाले. मी दारातच उभी होते. त्या माणसाला परत जायची घाई होती. तो म्हणाला, "मग चला माझ्यासंगं. हळूहळू जाऊ."

मी निघाले. घराला कडी घातली आणि तशीच अनवाणी निघाले. गाव संपून कालव्याचा पूल येतो, तो आमच्या घरापासून अर्धा मैल असेल. तिथपर्यंत पोचता पोचता माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. छाती अशी धडधडत होती की मला तिच्याशिवाय दुसरं काही ऐकूच येईना. मी पुलाच्या कठड्यावर बसले. तो माणूस बराच वेळ थांबला. आभाळाकडे बघत होता, रस्त्याकडे बघत होता, माझ्याकडे मात्र बघत नव्हता. शेवटी मीच त्याला म्हटलं, तू जा बाबा. मी उद्या गाडीनं येते. तो गेला. मोठाल्या ढांगा टाकत गेला. वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत होते. चालणाऱ्या माणसाचा हेवा मला आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा वाटला.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून निघालो. गुरुवार होता. समोरून कन्हेरीच्या बायका बाजाराला येत होत्या, डोक्यावर पाट्या घेऊन, एकीमागे एक. आमची गाडी दिसली तशा त्या कडेला सरून उभ्या राहिल्या. ती गेल्याचं मला तिथंच कळलं.

ती बुधवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी गेली होती. पावसाचा भरवसा नव्हता म्हणून लगेच उरकलं होतं. मेहुणे अंगणात बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. शेवटी काय बोलली, म्हणून मी विचारलं. ते सांगायला तयार नव्हते, पण मी उठेना, तेव्हा सांगितलं. तो माणूस दुपारी परत पोचला होता. त्यानं तिच्या कानाशी जाऊन सांगितलं होतं, अक्का निघाल्यात. तिला धीर यावा म्हणून सांगितलं असणार. तिनं डोळे उघडले होते.

"म्हणाली, अक्का चालत येती व्हय? आन् हसली," मेहुणे म्हणाले. "मग दाराकडंच बघत व्हती."

तेरावा झाला, मी घरी आले. मास्तर माझ्याशी फार जपून वागत होते. मी बोलत नव्हते, जेवत होते, निजत होते. नवरात्र गेलं, दिवाळी गेली. इतर सहा दिवस कसेबसे ढकलता यायचे, पण गुरुवारी दुपारी मला उंबऱ्याकडे बघवायचं नाही. दिवाळीनंतरच्या अशाच एका गुरुवारी मी उठले, भिंतीला धरून उभी राहिले, आणि बाहेर पडले. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. पाय कालव्याच्या वाटेला लागले. चार ठिकाणी थांबत पुलापर्यंत गेले आणि कठड्यावर बसले. त्याच जागी. धाप लागली होती, पण डोळ्यांपुढे अंधारी आली नाही. अर्ध्या तासानं उठून परत आले. रात्री पोटऱ्या ठणकत होत्या. ते दुखणं मला बरं वाटलं, कारण इतक्या दिवसांत दुसरं काहीतरी दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग रोज जाऊ लागले. मास्तर शाळेत गेले की मी निघायची. आठ-दहा दिवसांनी वाटेतलं थांबणं चारचं दोनवर आलं.

पुढे एका गुरुवारी मी पुलावर बसलेली असताना कन्हेरीच्या बायका बाजार उरकून परत निघाल्या होत्या. त्यांतली एक पेरू विकायची. साठीला टेकलेली, काटकुळी, कपाळावर मोठं गोंदण. ती थबकली. "तिची अक्का न्हव का तुमी?" मी मान हलवली. तिनं पाटी खाली ठेवली आणि माझ्याशेजारी कठड्यावर टेकली. बाकीच्या उभ्या राहिल्या. मग म्हणाली, "चला की आमच्यासंगं. दोन पावलं."

मी पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत गेले. त्या माझ्या चालीनं चालत होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांना घरी पोचायची घाई असायची, जनावरं असायची, चुली असायच्या. तरी त्या दर गुरुवारी माझ्यासाठी पाऊल आवरून चालल्या. दगडापाशी मी मागे फिरायची. पुढच्या गुरुवारी त्या दगडाच्या पुढे बाभळीपर्यंत, त्याच्या पुढच्या वेळी ओढ्यापर्यंत. पेरूवाली मला शिकवायची. तोंड मिटून चाला. चढावर बोलू नका. लांब बघू नका, लांब बघितलं की लांब वाटतं. अधेमधे बसायचं नाही, उभ्यानंच दम घ्यायचा, बसलं की गुडघा रुसतो.

आणि त्या माझ्या बहिणीबद्दल बोलायच्या. या बाभळीपाशी ती पाटी उतरवायची. इथं तिनं एकदा साप बघितला आणि आमच्या आधी ओढा पार केला. ती नकला करायची, गिऱ्हाइकांच्या, कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या, सासूच्याही. एक बाई म्हणाली, ती वाटेनं तुमच्याच गोष्टी सांगायची. माझी अक्का पोथी वाचती, माझी अक्का पत्र लिहिती, अक्काच्या घरात घड्याळ हाय. मी ऐकत चालायची. माझ्या उंबऱ्यावर बसणारी बहीण तशी अबोलच होती. माझीच दुखणी ऐकत बसायची. ती नकला करते हे मला माहीत नव्हतं. रस्त्यावरची ती बहीण मला कधी भेटलीच नव्हती, आणि आता भेटत होती ती दुसऱ्यांच्या तोंडून, थोडी थोडी, दर गुरुवारी अर्धा मैल.

गावात बोलणं झालंच. कोणीतरी शाळेत जाऊन मास्तरांना सांगितलं की तुमच्या घरातल्या एकट्याच कालव्यावर बसलेल्या दिसतात, जरा लक्ष ठेवा. त्याचा अर्थ काय, ते मास्तरांना कळलं. भरदुपारी, अंगात कोट, हातात छत्री, असे ते कालव्याच्या वाटेनं जवळजवळ धावत आले. मी पुलाच्या पलीकडून परत येत होते. मला चालताना बघून ते जागीच उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"घरी चल," ते म्हणाले.

"घरीच चाललेय. मी रोज येते."

"कशासाठी?"

"कन्हेरीला जायचंय."

ते म्हणाले, गाडी सांगतो, उद्याच जाऊ. मी म्हटलं, गाडीनं नाही. ते माझ्या शेजारून चालत घरी आले, आणि वाटेत त्यांनाच दोनदा थांबावं लागलं. त्या रविवारी ते मला चांभाराकडे घेऊन गेले. आमच्या घरच्या बायका पायांत काही घालत नसत, मास्तरांच्या आईंना तर ते मुळीच खपलं नसतं. चांभारानं कागदावर माझं पाऊल ठेवून कोळशानं रेघ मारली. आठ दिवसांनी वहाणा आल्या. पहिले चार दिवस त्यांनी टाचेला फोड आणले. मास्तरांनी स्वतः एरंडेल लावून त्या मऊ केल्या.

पौष-माघाकडे माझ्या अंगात फरक पडला. आधी चोळीच्या बाह्या सैल झाल्या. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की पाटावरून उठताना मी भिंतीला हात लावला नाही. मी मुद्दाम पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. घरात कोणी नव्हतं. असं चार-पाच वेळा केलं आणि मग रडू आलं. बारा वर्षं मी त्या भिंतीला धरून उठत होते. हे इतकं सोपं होतं तर, असं वाटलं. भाद्रपदाच्या आधी एक वर्ष, सहा महिने, कोणी मला पुलापर्यंत नेलं असतं तर. पण कोणी नेलं नाही असं तरी कसं म्हणू? बहीण दर गुरुवारी म्हणायची, अक्का, चल तुला कालवा दाखवते. मीच म्हणायची, पुढच्या खेपेला.

फाल्गुनात मी कन्हेरी गाठली. गुरुवारची वाट पाहिली नाही, सकाळी एकटीच निघाले. शाळू काढलेली रानं मोकळी पडली होती आणि थंडी सरत आली होती. पहिले दोन मैल ओळखीचे होते. तिसऱ्यात पोटऱ्या भरून आल्या, तेव्हा उभ्यानंच दम घेतला. मोठा रस्ता सोडून रानात शिरले तशी मारुतीच्या देवळाची शेंडी दिसली. लांब बघायचं नाही हे विसरून मी तिच्याकडेच बघत गेले.

मेहुणे विहिरीवर मोट हाकत होते. मला बघून त्यांनी बैल थांबवले. हातातला कासरा सोडून धावत आले. "काय झालं? मास्तर बरं हायत न्हवं?" माणूस असं अवचित चालत येतं ते वाईट बातमी घेऊनच, असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, काही नाही, सहज आले. ते माझ्या मागे गाडी शोधत होते. गाडी नाही हे कळलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं आणि डोक्याचं मुंडासं सोडून डोळ्यांना लावलं. मला काय वाटत होतं तेच त्यांना वाटत असणार.

तिला अग्नी दिला ती जागा मी त्यांना विचारली. गावाखालच्या ओढ्याच्या पलीकडे होती. तिथं आता काही खूण नव्हती, नुसतं गवत वाळून पिवळं पडलं होतं. मी तिथं उभी राहिले. तिला सांगायचं म्हणून वाटेनं बरंच काही मनात जुळवलं होतं. तिथं पोचल्यावर त्यातलं काहीच आठवेना. माझ्या पायांत वहाणा आहेत हे ध्यानात आलं, त्या काढून हातात घेतल्या आणि परत फिरले.

बहिणीला एकच मुलगी. सोळाव्यात होती. आई गेली की वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून वैशाखात तिचं लग्न झालं. कळंबला दिली. इंदापूर तालुक्यात, कन्हेरीपासून पुढे तेरा-चौदा मैल. तिकडे तेव्हा उसाची लागवड वाढत चालली होती, साखर कारखान्याचं बोलणं चालू होतं, आणि घर खातंपितं होतं. सासरी जाताना पोर माझ्या गळ्यात पडली. रडत नव्हती. कानाशी म्हणाली, "मावशी, माझं म्हायेर आता कुठं?"

"मी हाय की," मी म्हटलं. माहेरची बोली आपोआप तोंडी आली. अक्का निघाल्यात हे शब्दही कोणीतरी असेच धीर द्यायला बोललं होतं.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी कार्तिकात तिचं पत्र आलं. शेजारच्या कोणाकडून लिहून घेतलं होतं. सातवा महिना लागलाय, इकडेच बाळंतपण करायचं ठरलंय, मावशीनं काळजी करू नये. पहिलटकरीण आणि सासरी बाळंत होणार. मास्तर म्हणाले, रविवारी मला सुट्टी आहे, मोटारीनं जाऊन बोलू. इंदापूरला तेव्हा मोटार जायची. पण पुरुषांनी भरलेल्या मोटारीत बसले की मला मळमळायचं, आणि मास्तरांनी बोलायचं ते बोलणं नव्हतंच. मी म्हटलं, मीच जाते. त्यांना वाटलं मोटारीनं. मी म्हटलं, चालत. खरं सांगायचं तर मोटारीत एकटी बसायची हिंमत मला अजून नव्हती. रस्त्याची भीती मात्र गेली होती.

मी सकाळी निघाले, दुपारी कन्हेरीत पोचले आणि मुक्काम केला. मेहुणे म्हणाले, उद्या गाडी देतो. मी नको म्हटलं. मला त्या सासूसमोर गाडीतून उतरायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच भाकरी बांधून निघाले. मोठ्या रस्त्याला लागले. दोन्ही अंगांनी ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा वास. लासुर्ण्यापाशी एका विहिरीवर भाकरी खाल्ली. तिथं पाणी शेंदणाऱ्या बायकांनी विचारलं, कुठनं आलासा, कुणाकडं निघालासा. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि पाणी घातलं. शेवटचे तीन मैल उन्हाचे गेले. डावा पाय ओढत होता. पण एकदाही मनात आलं नाही की होणार नाही. हे होणार नाही असं न वाटणं मला नवीन होतं. मी त्याच्याकडे दुसऱ्याची वस्तू बघावी तसं बघत चालले होते.

सासूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. उंच, करड्या आवाजाच्या. त्यांनी मला ओळखलं आणि माझ्या मागे वाटेकडे बघितलं.

"गाडी कुठं सोडली?"

"चालत आले."

"कुठनं?"

"बारामतीहून. काल कन्हेरीत मुक्काम केला."

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्या पायांकडे बघितलं. गुडघ्यापर्यंत धूळ होती. त्या आत गेल्या आणि पाय धुवायला ऊन पाणी घेऊन आल्या. मला वाटतं, मी बोलायच्या आधीच त्यांना कळलं होतं. तरी मी बोलले. पोरीला बाळंतपणाला न्यायला आले आहे, म्हटलं. त्या म्हणाल्या, "आई न्हाय तिला, म्हणून आमी ठिवून घेतली. आमची काय अडवायची बुद्धी न्हाय."

"मावशी हाय," मी म्हटलं.

त्या मग आत वळून म्हणाल्या, "ए पोरी, लुगडी बांध. तुझं म्हायेर आलंय न्यायला."

पोर मघापासून दाराआड उभी होती. तिचं तोंड मी बघितलं. त्यात बहिणीचं हनुवटीचं वळण होतं, ते मला तोवर दिसलंच नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांनीच गाडी जुंपून दिली. गाडीत गवत पसरून पोरीला आडवं केलं होतं. लासुर्ण्याच्या पुढे दचके बसू लागले, गाडी हलकी व्हावी म्हणून मी उतरले आणि मागोमाग चालू लागले. पोर मागच्या बाजूनं माझ्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "मावशी, तू आईसारखी चालतीस. डावा हात तसाच हलतूय."

आई कशी चालायची, ते पोरीनं बघितलं होतं. पेरूवालीनं बघितलं होतं, बाजारच्या साऱ्या बायकांनी बघितलं होतं. मी तिला माझ्या दारात येऊन बसलेलीच बघितली. लहानपणी भीमेच्या वाळूत आम्ही पळायचो तेवढंच. मोठी झालेली माझी बहीण रस्त्यानं चालताना कशी दिसायची, हे मला ठाऊक नाही, आणि आता ठाऊक होण्याचा कुठला उपायही नाही. मी माझ्या डाव्या हाताकडे बघत चालत राहिले.

माघात तिला मुलगी झाली. आमच्या घरात कितीतरी वर्षांनी रडण्याचा आवाज आला. मास्तर शाळेतून लवकर येऊ लागले. मी बाळंतिणीचं सगळं स्वतः केलं. पाणी तापवलं, शेक दिला, डिंकाचे लाडू वळले, धुणं धुतलं. पाणी भरणाऱ्या बाईला मी आदल्या वर्षीच सांगून टाकलं होतं की आता माझं मी भरते. गुरुवारी बायका बाजारातून परत जाताना दारात यायच्या आणि बाळाला बघून जायच्या. पेरूवालीनं तिला मांडीवर घेतलं तेव्हा गोंदलेलं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं आणि म्हणाली, हिची आजी असती तर बाजार सोडून हितंच बसली असती.

वैशाखाच्या सुरुवातीला कळंबची गाडी न्यायला आली. मी कन्हेरीपर्यंत गाडीबरोबर चालत गेले. पोरीनं दोनदा म्हटलं, मावशी, वर बस. मी बसले नाही. मेहुण्यांच्या अंगणात थोडा वेळ टेकलो, त्यांनी नातीला घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. दिवस मावळायच्या आत पुढचा पल्ला गाठायचा म्हणून गाडीवानानं घाई केली. गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मी बरोबर गेले. पोर हात हलवत नव्हती, बाळाच्या तोंडावर पदर धरून माझ्याकडे नुसती बघत होती. मग ऊस आडवा आला.

मेहुणे म्हणाले, गाडीनं सोडतो तुमाला. मी नको म्हटलं. कन्हेरी ते बारामती चार मैल मी कुठेही न थांबता आले. वाटेत ओढा होता, बाभळ होती, मैलाचा दगड होता. कोणाशी बोलायचं नव्हतं म्हणून चाल आपोआप वाढली होती. पूल कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. घरी आले तेव्हा मास्तर ओसरीवर बसले होते. पाळणा काढून त्याची दोरी त्यांनी नीट गुंडाळून बाजूला ठेवली होती.

"दमलीस का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. खरंच दमले नव्हते. दमले असते तर बरं झालं असतं, पडल्या पडल्या झोप तरी लागली असती.